भोंग्याआधीचा मासा

१

ट्राउट मासे धरायचा सीझन सकाळी आठला उघडतो. गावातल्या फायर स्टेशनचा भोंगा वाजतो, आणि नदीच्या दोन्ही काठांवर खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं एकदम गळ टाकतात. त्याआधी पाण्यात गळ टाकणं हा गुन्हा. नुसता हात घालून मासा उचललात तरी गुन्हाच.

२००६ सालच्या एप्रिलमधल्या त्या शनिवारी भोंगा व्हायला अजून तासभर होता आणि आमच्या कूलरमध्ये, म्हणजे बर्फाच्या पेटीत, एक ट्राउट होता.

चांगला हातभर लांब. पाठीवर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. ऑफिसर नोवाक नावाच्या फिश अँड गेम खात्याच्या बाईने तो बर्फाखालून ओढून काढला आणि शेपटीला धरून उंच केला. काठावरची निदान पन्नास माणसं आमच्याकडे बघायला लागली. अमेरिकन माणूस शिष्टाचार म्हणून दुसऱ्याकडे टक लावून बघत नाही, पण त्यालाही मर्यादा असतात.

"हा कूलर कुणाचा?" तिने विचारलं.

आम्ही पाच जण होतो. पाचही जण त्या माशाकडे असे बघत होतो की जणू तो उठून स्वतःच उत्तर देईल.

"माझा," मोरेश्वरकाका म्हणाले.

"आणि मासा?"

उत्तराची वाट न बघता नोवाकबाईने लायसन्ससाठी हात पुढे केला. काकांनी टोपी काढली. टोपीला मागच्या बाजूने मासेमारीचं लायसन्स पिनेने लावलेलं असतं. ते काढायला त्यांना बराच वेळ लागला, पिन सापडत नव्हती. शेवटी ती बाईच पुढे झाली आणि तिने ते काढून घेतलं.

"आठनंतर इथे प्रत्येकाकडे मासा असेल," ती म्हणाली. "मग मला काही सिद्ध करता येणार नाही आणि तुम्हालाही. तोपर्यंत कुणीतरी मला सांगा, हा कुठून आला. नाहीतर हे लायसन्स या सीझनपुरतं माझ्याकडे राहील."

या सीझनपुरतं. तिला काय माहीत, ती काय बोलून गेली.

२

मोरेश्वर दिघे हे सिव्हिल इंजिनियर. माणसं चंद्रावर उतरली त्या साली हे न्यू जर्सीत उतरले. निम्म्या राज्याचे पूल त्यांनी तपासले असतील. पुलाखाली उभं राहून भेगा बघताबघता खाली मासे धरणारी माणसं दिसली आणि काका त्यातले झाले. तेव्हापासून ओपनिंग डे चुकला नाही. सर्जरी असो, बर्फ असो, मुलाचं लग्न असो. मुलाच्या लग्नाची तारीख काढताना काकांनी पंचांगाआधी फिश अँड गेमचं कॅलेंडर बघितलं होतं, असं शैलजाकाकू अजून सांगतात.

गेल्या ऑक्टोबरात मी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डोळ्यांत औषध घातल्यावर ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून. येताना गाडीत ते म्हणाले, "रेखा, मधला भाग जातोय. कडेचं दिसतं, मधलं नाही. अजून एखादा उन्हाळा बॉबर दिसेल म्हणतात." बॉबर म्हणजे दोरीला लावलेला तो लाल-पांढरा चेंडू. मासा लागला की तो बुडतो. तो बुडालेला दिसला नाही तर मग काठावर नुसतंच उभं राहायचं. "हिला सांगू नकोस," ते म्हणाले. "ती मला घरात बसवेल."

मी सांगितलं नाही. राजीवलाही नाही, आणि नवऱ्याला न सांगता मी फारच थोड्या गोष्टी ठेवल्या आहेत.

तर हा एक सीझन. त्यानंतर लायसन्स असलं काय नि नसलं काय.

आमच्यातले बाकीचे सांगते. कुमार हा मूळचा नागपूरचा, फार्मा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि बोलायला लागला की थांबत नाही. त्याच्याच व्हॅनमधून आम्ही आलो. नदीत उतरायला एक सपाट खडक आहे, तिथून गळ बरोबर खोल पाण्यात पडतो. त्या खडकावर काका उभे राहतात आणि कुमार दरवर्षी त्यांना म्हणतो, "काका, यंदा तरी खडक माझ्या नावावर करून द्या यार." सिद्धेश हा सांगलीचा मुलगा, पिस्कॅटवेला पीएचडी करतो, काकांच्या बेसमेंटमध्ये राहतो. व्हॅन थांबल्यावर जागा धरायला तो अंधारातच पुढे आला होता. शैलजाकाकू. आणि मी. राजीव मासे खातो, पण माशांसाठी उठत नाही.

अमेरिकनांना आमचा घोळका नेहमी कोड्यात टाकतो. सीझन उघडतो तो शनिवारीच, आणि दिघ्यांकडे शनिवार पाळतात. त्यामुळे काका मासा धरतात पण खात नाहीत. जाताना कूलरमध्ये बर्फात दह्याचा डबा असतो. दुपारी सगळे साबुदाण्याची खिचडी आणि दही खातात, डबा रिकामा होतो, मग येताना त्याच कूलरमध्ये मासा. घरी आल्यावर तो गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये जातो, कारण स्वयंपाकघरातल्या फ्रिजला त्या दिवशी मासा चालत नाही. रविवारी काकू तळतात आणि निम्मं पिस्कॅटवे जेवायला येतं. शेजारी उभा राहणारा स्टॅन नावाचा म्हातारा मला एकदा म्हणाला, "तुम्ही लोक मासे धरायला येता आणि टॅपिओका खाता. माझी बायको असती तर तिला हे फार आवडलं असतं."

ऑफिसर नोवाक मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी उगाच कूलर उघडत नाही. तक्रार आली होती. पहाटे अंधारात तुमच्या या खडकाजवळ कुणीतरी टॉर्च घेऊन पाण्यात वाकलं होतं."

मी वळून बघितलं. सिद्धेश झाडाला टेकून उभा होता. त्याच्या जॅकेटची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

३

"सिद्धेश, इकडे ये."

"रेखाताई, आय स्वेअर."

"मी अजून काही विचारलं नाही."

"तुम्ही बाहीकडे बघितलंत." त्याने तो हात पाठीमागे घेतला. "टॉर्च पडला. कुमारसरांचा. मी खडकावर बकेट ठेवत होतो, जागा धरायला, आणि हातातून सटकला. मग हात घालून शोधला. मिळाला नाही. सरांना सांगितलं नाही अजून."

"मग घाबरतोस कशाला?"

"माझा व्हिसा आहे हो. सगळ्यांना वाटतं दंडाचं तिकीट म्हणजे नुसतं पार्किंगचं तिकीट. आमच्या लॅबमधल्या एकाला एअरपोर्टवर दोन तास बसवलं, का, तर कधीतरी कोर्टाची तारीख चुकवली होती. मी फिशिंगमुळे डिपोर्ट झालो तर आई काय सांगेल लोकांना?"

"सांगेल की मासा मोठा होता," मी म्हटलं. तो हसला नाही.

मी त्याच्या रॉडकडे गेले. दुकानातून आणल्यावर गळाला जी प्लॅस्टिकची टोपी असते ती तशीच होती. दोरी कोरडी, रिळावर घट्ट. हा मुलगा अंधारात गळ टाकून मासा धरतो आणि नंतर ती टोपी परत घालतो, हे मला पटेना. जो टॉर्चही धरून ठेवू शकत नाही, त्याने जिवंत ट्राउट हाताने उचलला हे तर अजिबातच नाही.

"आत गाडीत जा, हीटर लाव," मी म्हटलं. "आणि टॉर्चचं मी बघते."

वळले, तर काका नोवाकबाईसमोर उभे. टोपी हातात, पाठ ताठ. एखाद्या पुलाचा रिपोर्ट देत असावेत तसे.

"तो मासा मी धरला," ते इंग्रजीत म्हणत होते. "पहाटे. सगळे गाडीत असताना."

४

काका खोटं बोलत होते, हे मला तेव्हाच कळलं. कारण अगदी साधं होतं. पहाटे आम्ही सगळे एकाच व्हॅनमध्ये बसून आलो, काका पुढच्या सीटवर. व्हॅन थांबल्यापासून मी त्यांना एकटं सोडलं नव्हतं, कारण दगडधोंड्यांच्या वाटेवर मला त्यांची काळजी होती. आणि ते सिद्धेशच्या बाहीकडे बघताना मी त्यांना बघितलं होतं. बाही त्यांना दिसली असेल, कडेने.

"कशाने धरलात?" नोवाकबाई विचारत होती.

"गांडूळ लावून. त्या वळणावर."

"ऑफिसर," मी मध्ये पडले, "तो मासा मला बघायला मिळेल?"

तिने भुवया उंचावल्या, पण दिला. मी मुंबईत वाढलेली बाई. बाजारात मासा हातात आला की माझा अंगठा आपोआप कल्ल्याखाली जातो. कल्ले लाल होते, पण काळपट लाल. डोळे किंचित धुरकट. मग मी त्याचं तोंड उघडलं. वरचा ओठ, खालचा ओठ, टाळू, जीभ.

"गळाची खूण नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही. गळ लागला असता तर भोक पडलं असतं, ओरखडा तरी उठला असता. काकांनी हा गळाने धरलेला नाही. ते कुणालातरी वाचवतायत."

"रेखा, तू गप्प बस," काका मराठीत म्हणाले. माझ्या लग्नानंतर मला असं बोलण्याचा अधिकार मी फार थोड्या लोकांना दिला आहे, आणि काका त्यातले एक आहेत. तरी मी गप्प बसले नाही.

नोवाकबाईने मासा परत घेतला, स्वतः तोंड उघडून बघितलं आणि मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "गळ लागलेलाच नाही. म्हणजे जाळ्याने धरलाय, किंवा हाताने. मॅम, बंद सीझनमध्ये ते जास्त वाईट. हे यांनी कबूल केलंय. मला आता फक्त लायसन्स ठेवून भागणार नाही. मला हे कोर्टात पाठवावं लागेल."

मी मदत करायला गेले होते.

५

आठ वाजायला फार वेळ उरला नव्हता. काठावर आता माणसाला माणूस चिकटून उभा होता. पाण्याकडे बघणाऱ्या त्या रांगेत एक शांतता होती, देवळात आरतीच्या आधी असते तशी. पोरांच्या हातात छोटे रॉड, आयांच्या हातात कॉफी. आणि आमच्या खडकावर नुसती सिद्धेशची बकेट.

कुमार कूलरवर बसला होता. मी आले तसा उठला आणि परत बसला. त्यावरूनच मला संशय आला.

"कुमार, तुम्ही इथून हलत का नाही?"

"पाय दुखतात वहिनी."

"उठा."

"वहिनी, प्लीज."

मी नुसती बघत राहिले. दोन मुलं वाढवलेल्या बाईला एवढं पुरतं. तो उठला. मी झाकण उचललं, तर आत, कडेला, बिअरचे कॅन खोचलेले होते.

"शुभाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. शुभा म्हणजे त्याची बायको. "कार्डिऑलॉजिस्टने बंद केलीय. मी व्हॅन पार्क केल्यावर मागच्या दाराने घातले हे. तुम्ही सगळे रॉड काढत होता."

"म्हणजे कूलर तुम्ही उघडलात. मासा दिसला नाही?"

"तेच तर. बर्फ हाताने बाजूला सारून कॅन आत घालायला गेलो, तर बर्फ हलेचना. सगळा एक गोळा झाला होता. म्हणून कडेने खोचले. त्या बाईने पण आधी गोळा उपसून बाहेर काढला, मग मासा निघाला. तुम्ही बघितलं ना?"

मी बघितलं होतं, पण तेव्हा सगळे मासाच बघत होते. तो गोळा अजून गवतावर पडला होता. बर्फाचे तुकडे आदल्या रात्री वितळून पुन्हा एकमेकांना चिकटले की होतो तसा, विटेसारखा. मी वाकून तो उलटा केला.

खालच्या बाजूला एक खोलगट ठसा होता. लांबट, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला शेपटीच्या पंख्यासारखा पसरलेला.

"कुमार," मी म्हटलं, "मासा आधी आला, मग बर्फ. आणि बर्फ रात्रभर त्याच्यावर बसून होता."

"म्हणजे?"

"म्हणजे हा मासा या नदीतला नाहीच. तो आपल्याच व्हॅनमधून आला. तुम्हीच उचलून आणलात त्याला."

कुमारने कॅन परत खोचायला घेतला होता, तो खाली ठेवला.

६

मग कुणी?

कूलर रात्री दिघ्यांच्या गराजमध्ये होता. कुमार पहाटे आला, त्याने नुसता उचलला. तो सुटला. मी माझ्या घरी होते. उरले घरातले तिघं. काका, काकू आणि बेसमेंटमधला सिद्धेश.

मी खिचडीच्या पिशवीपाशी बसले. पोटात कावळे ओरडत होते आणि रिकाम्या पोटी मला विचार करता येत नाही. खिचडी काढली, बरोबर दह्याचा डबा काढला. एक घास घेतला आणि तोंड वाकडं झालं. दही आंबट ढाण, वर पाणी सुटलेलं. काकूंचं दही. ज्यांच्या दह्याची सुरी फिरवून वडी पाडावी, त्या शैलजाकाकूंचं.

हे कसं झालं, हे मला लगेच कळलं. ती पिशवी पूर्ण रस्ताभर व्हॅनमध्ये माझ्याच पायाशी होती आणि हीटर सरळ तिच्यावर. पण दही पिशवीत का होतं?

पोचल्या पोचल्या काका म्हणाले होते, "दही कूलरमध्येच ना? गाडीत खराब होईल." आणि ते झाकणाला हात घालणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, कूलर नका उघडू, थंडावा जातो. दही पिशवीत आहे."

दरवर्षी दही बर्फात असतं. यंदा बर्फ होता, कूलर होता आणि दही मात्र हीटरसमोर. असं कोण करेल? ज्याला माहीत आहे की त्या कूलरमध्ये मासा आहे, आणि उपासाचं दही माशाशेजारी ठेवायला ज्याचा हात धजत नाही, तो. सिद्धेशने मासा ठेवला असता तर काकूंनी नेहमीसारखं दही वर ठेवलं असतं, त्यांना काय माहीत. काकांनी ठेवला असता तर काकांनी दही कूलरमध्ये आहे का असं विचारलंच नसतं.

राहिलं एकच माणूस. दह्याचा डबा भरताना ज्याने सगळ्या जगाला फसवायची तयारी केली, पण शनिवारला फसवायची केली नाही.

काकू घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, शाल डोक्यावरून घेऊन. मासा निघाल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. काकू एक शब्द बोलत नाहीत असं मी कधी बघितलेलं नाही.

मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काकू, दही बाहेर का ठेवलंत?"

७

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग बोट घालून थोडं चाटून बघितलं.

"फुकट गेलं," त्या म्हणाल्या.

"काकू."

"एडिसनला ते चायनीज सुपरमार्केट आहे ना, टाकीत जिवंत मासे असतात. तिथून आणला. तो म्हणाला साफ करून देतो, मी म्हटलं नको, अख्खा दे. त्याने दोनदा विचारलं."

"कशासाठी?"

"कशासाठी काय. गेल्या वर्षी ह्यांना एकही लागला नाही. घरी येऊन पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही. लागत होते गं, मी बघत होते ना. बॉबर बुडायचा आणि हे नुसते उभे. आणि सगळ्यांना सांगतात, यंदा पाणीच थंड होतं."

मी डब्याचं झाकण लावलं.

"तुला सांगितलंय त्यांनी," काकू म्हणाल्या. "डोळ्यांचं. मला नको सांगूस. तुझ्याकडून मला कळायला नको."

"पण हा मासा घेऊन तुम्ही करणार काय होता?"

"आठला एकदम सगळे गळ टाकतात. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या दोऱ्या गुंततात, दरवर्षी. कुमारची आणि ह्यांची तर हमखास. त्या गोंधळात कुणाचा मासा कुणाच्या दोरीला हे ब्रह्मदेवाला कळत नाही. मी म्हटलं, त्यातच धरलेले मासे अडकवायच्या साखळीला लावून टाकीन. म्हणेन, अहो हा तुमचाच."

"आणि त्यांना ते पटलं असतं?"

"पटवून घेतलं असतं," काकू म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षं काय केलंय मग?"

तिकडे काका नोवाकबाईला आपला पत्ता सांगत होते. ती लिहून घेत होती.

"काकू, ते तुमच्याऐवजी अडकतायत. सिद्धेशने केलं असं त्यांना वाटतंय. आणि हे प्रकरण आता कोर्टात जाणार आहे."

"मी सांगितलं तर सुटतील," काकू म्हणाल्या, "पण मग त्यांना कळेल ना, मला माहीत आहे ते. आणि वर हेही कळेल की मला वाटलं ह्यांच्याने आता होणार नाही. तू सांग रेखा. माणूस लायसन्सशिवाय जगतो. ह्या विश्वासाशिवाय कसा जगेल?"

बर्फाचा गोळा, दही, गळाची खूण, हे सगळं मी जुळवलं होतं आणि त्यातलं काहीही इथे उपयोगाचं नव्हतं.

काकूंनीच शाल खांद्यावर घेतली आणि उठल्या.

८

काकू आधी नोवाकबाईशी बोलल्या. काकूंनी तीस वर्षं बँकेत नोकरी केली आहे, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ.

"ऑफिसर, तो मासा माझा आहे. मी काल दुकानातून विकत घेतला. माझ्या नवऱ्याने नदीला हातही लावलेला नाही."

"शैलजा, काय बोलतेस?" काका म्हणाले.

नोवाकबाईने काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी तिला बर्फाचा गोळा दाखवला, त्यातला ठसा दाखवला. ती गुडघ्यावर बसली, खिशातून चाकू काढला आणि माशाचं पोट एका रेषेत उघडलं. पोटाची पिशवी कापून तिने तळहातावर उलटी केली.

"काही नाही," ती म्हणाली. "आमच्या खात्याने नदीत सोडलेला मासा आठवड्याभरात किडे खातो, काड्या खातो, सिगारेटची थोटकं खातो. विकायच्या माशाला आधी उपाशी ठेवतात." ती उठली. "दुकानातला मासा नदीवर आणू नये असा नियम नाही. तो करावा लागेल असं कुणाला वाटलं नसावं."

तिने लायसन्स काकांच्या हातात दिलं. जाताना कुमारकडे बघत कूलरकडे बोट करून म्हणाली, "आणि त्या कॅनबद्दल मी काही बघितलेलं नाही."

मग तिथे फक्त आम्हीच उरलो. काका लायसन्स हातात धरून उभे होते.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी काकूंना विचारलं. "रेखाने?"

"रांगोळीने."

"काय?"

"दिवाळीत माझी रांगोळी पूर्ण वाकडी आली होती. तुम्ही बघून छान म्हणालात. चव्वेचाळीस वर्षांत एकदा तरी म्हणाला होता? तेव्हाच मला कळलं."

काकांनी आपला रॉड उचलला आणि सिद्धेशपुढे धरला. तो गाडीतून नुकताच उतरून आला होता.

"घे. तू उभा राहा खडकावर."

"काका, मला येत नाही."

"मलाही येत नाही. हिला विचार."

काकूंचा चेहरा बघवेना. ज्याची त्यांना भीती होती तेच झालं होतं. आणि तेवढ्यात गावातून भोंगा उठला, लांब, घसा खरवडणारा. शेकडो दोऱ्या एकदम हवेत गेल्या, पाण्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. कुठेतरी एक पोरगं किंचाळलं, त्याला लागला होता. स्टॅन आमच्या रिकाम्या खडकाकडे बघून काकांना म्हणाला, "मोरी, झोपलास का?"

काका हलले नाहीत.

काकूंनी सिद्धेशच्या हातातून रॉड घेतला. शनिवारी त्या गळाला, दोरीला, कशाला शिवत नाहीत. आज शिवल्या. वहाणा काढून त्या खडकावर चढल्या आणि वळून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला गळ टाकता येत नाही. मला नुसतं बघता येतं. तुम्हाला नुसतं बघता येत नाही. मग असे रुसून काय बसलात?"

"लोक हसतील."

"लोक पाण्याकडे बघतायत. तुमच्याकडे कुणाला वेळ आहे?"

कुमारने आपला गळ आत ओढून घेतला आणि एक पाऊल बाजूला सरकला. तो खडकाबद्दल काही बोलला नाही. मी त्याला त्याबद्दल आजही मानते.

काका आले. काकूंनी रॉड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मागे नेला आणि फेकला. फेकणं तर हाताला पाठ असतं. बॉबर बरोबर खोल पाण्यात पडला, इतर पन्नास बॉबरांमध्ये. काका समोर बघत होते, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं. काकू त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

"डावीकडे चाललाय," त्या म्हणाल्या. "थांबला. कुमार, तुझी दोरी आवर, इकडे येतेय. आता सरळ चाललाय."

"बुडतोय?"

"नाही. नुसता डुलतोय. घाई करू नका, नेहमी घाई करता."

"तुला काय माहीत मी नेहमी काय करतो?"

"गप्प उभे राहा."

काका गप्प उभे राहिले. पाण्यावर ऊन आलं होतं, आणि मलासुद्धा डोळे बारीक करून बघावं लागत होतं.

"आता," काकू म्हणाल्या.

कुठे, किती, खात्री आहे का, असलं काही काकांनी विचारलं नाही. त्यांनी ओढलं.